परळ ते वरळी : भाड्याच्या खोल्यांची मुंबई

मुंबईत पोटाला भाकर मिळते, पण पाठ टेकायला जागा मिळत नाही, असे आपल्या समाजात तीन-चार पिढ्यांपासून बोलले जाते. बोलणे खरे आहे. परंतु ह्याच मुंबईत शंभर वर्षांपूर्वी सरकारी पैशातून कष्टकऱ्यांसाठी खोल्या बांधल्या गेल्या, भाडे वाढू नये म्हणून कायदे झाले, आणि त्या दहा बाय सोळाच्या खोल्यांतून आपल्या हजारो कुटुंबांचे संसार उभे राहिले, हेही तितकेच खरे आहे. आता त्या खोल्या पाडल्या जात आहेत. काहींच्या जागी ४० मजली इमारती उभ्याही राहिल्या. उरलेल्या आहेत तोवर एकदा पायी फिरून पाहाव्यात, असे आम्ही तिघांनी ठरविले आणि परळपासून सुरुवात केली.

परळच्या पोयबावडीला बी.आय.टी. चाळ आहे. बी.आय.टी. म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली, आणि कोंदट वस्त्यांतून रोग पसरतो हे सरकारच्या ध्यानात आले. १८९८ साली हा ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रस्ते रुंद केले, दाटीची घरे पाडली आणि काही चाळी बांधल्या. जितक्या खोल्या पाडल्या तितक्या काही बांधल्या नाहीत. ही खोड पुढेही सुटलेली नाही.

ह्याच पोयबावडीच्या पहिल्या क्रमांकाच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत परमपूज्य बाबासाहेब १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे राहिले. त्याआधी सुभेदार रामजींचे कुटुंब डबक चाळीतील एका खोलीत होते. दोन खोल्या मिळाल्या म्हणून एकीत संसार आणि दुसरीत अभ्यास अशी सोय झाली. राजर्षी शाहू महाराज बाबासाहेबांना भेटायला आले ते ह्याच चाळीत. महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा त्यांचा पत्ता हाच होता. आपले लोक येथे येऊन जिन्याच्या पायरीला हात लावतात, फोटो काढतात आणि चैत्यभूमीकडे जातात. आम्ही थोडे अधिक थांबलो. आमच्या मनात प्रश्न होता तो खोलीचा नव्हे, भाड्याचा.

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. अमेरिकेतून शिकून आलेला माणूस, संस्थानाचा अधिकारी. पण सबंध शहरात त्यांना भाड्याने एक खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि लाठ्या घेतलेल्या लोकांनी तेथूनही बाहेर काढले. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलेले आहे. आता बडोदा आणि परळ शेजारी ठेवून पाहा. परळची खोली लहान होती, संडास सार्वजनिक होता, परंतु मालक कोणी शेटजी नव्हता. सार्वजनिक संस्थेच्या पावतीवर ती खोली होती. महिन्याचे भाडे भरले की आडनाव विचारून रात्रीत बिऱ्हाड रस्त्यावर फेकण्याची कोणाची मजाल नव्हती. गरिबाला भाड्याचे संरक्षण म्हणजे नुसती पैशाची सवलत नव्हे, हे आम्हाला त्या जिन्यात उभे राहून जितके कळले तितके पुस्तके वाचून कळले नव्हते. आजही आपली शिकलेली मुले खोली शोधायला गेली की एजंट आधी आडनाव विचारतो आणि मग “मालक व्हेज आहेत” असे सांगतो. वाचकांपैकी कित्येकांना हा अनुभव असेल.

परळहून पूल ओलांडून आम्ही लोअर परळला, ना. म. जोशी मार्गावर आलो. जुनी माणसे ह्याला अजून डिलाईल रोडच म्हणतात. येथे बी.डी.डी. चाळी सुरू होतात. बी.डी.डी. म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. १९२० साली गव्हर्नर लॉईड ह्यांच्या काळात हे खाते निघाले. पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी नफा कमावला, कामगार वाढले, खोल्यांची भाडी भडकली. १९१८ साली सरकारला भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा करावा लागला. त्यापाठोपाठ ५०,००० खोल्या बांधण्याचा बेत आखण्यात आला. पैसा उभा करण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसविला. कल्पना चांगली होती : ज्या धंद्यासाठी मजूर येतात त्या धंद्याने मजुरांच्या घरांना हातभार लावावा.

पन्नास हजारांचा बेत सोळा हजारांच्या आसपास येऊन थांबला. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२ अशा एकूण २०७ चाळी झाल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ८०. खोली १६० चौरस फुटांची. मधून अंधारा लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना दारे, आणि मजल्यावर सामाईक संडास. गंमत अशी की, बांधून झाल्यावर सुरुवातीला पुष्कळ खोल्या रिकाम्याच राहिल्या. सिमेंट-काँक्रीटचा खर्च वाढल्याने भाडे मजुराला झेपेना, आणि वरळी तर तेव्हा गिरणीपासून लांब, बाजार नाही, दिवे नाहीत. सरकारने कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या काही चाळींचा तुरुंग केला. ज्या भिंतींत सत्याग्रही कोंडले त्याच भिंतींत पुढे एकेका खोलीत दहा-दहा माणसे आपखुशीने राहिली.

डिलाईल रोडच्या चाळींत आम्ही मुद्दाम गावकीच्या खोल्यांची चौकशी केली. हा प्रकार नव्या वाचकांना ठाऊक नसेल. कोकणातल्या, घाटावरच्या एखाद्या गावाचे मंडळ एक खोली भाड्याने घेई. गावचा कोणीही तरुण मुंबईला आला की तेथे वळकटी टाकी. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच जागी झोपे. भिंतीला ट्रंकांची रांग, खुंटीला कपडे, जेवण खानावळीत. भाडे सर्वांत वाटले की माणशी किरकोळ येई. कोणत्याही सरकारी योजनेने जे साधले नाही ते ह्या खोल्यांनी साधले. पहिल्या दिवशी मुंबईत उतरलेल्या, खिशात दमडी नसलेल्या पोराला छप्पर मिळाले. आमच्यापैकी एकाचे वडील असेच एका गावकीच्या खोलीत सात वर्षे काढून मग कुटुंब घेऊन आले. त्या वेळी बिऱ्हाडाला वेगळी खोली मिळाली ती ओळखीनेच. चाळीतही वस्ती जातवार पडलेली होती, बौद्धांच्या चाळी बहुधा वेगळ्या. हे लपविण्यात अर्थ नाही.

आता थोडे कायद्याविषयी. हे कोरडे वाटेल, पण घरोघरी उपयोगाचे आहे, म्हणून माताभगिनींनीही वाचावे.

१९४७ साली मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाणभूत धरले गेले. भाडेकरूला ह्यामुळे मोठे कवच मिळाले. परंतु भाडे गोठले ते गोठलेच. वस्तूंच्या किमती वाढत गेल्या आणि मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले. नव्या भाडेकरूकडून पागडी घेण्याची चाल रुजली. पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळू लागल्या. तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. बेट-मुंबईतील १९,६४२ जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्या पैशातून मंडळाने डागडुजी करावी, असे ठरले. ह्याच उपकरप्राप्त इमारती. म्हणजे शहराने भाडेकरूला घरात ठेवायचे ठरविले आणि मालकाने टाकलेले काम स्वतःच्या अंगावर घेतले. ते काम नीट झाले का? डोंगरीपासून भायखळ्यापर्यंत टेकू लावलेल्या इमारती पाहिल्या की उत्तर मिळते. परंतु मंडळच नसते तर त्या जागी गरीब माणूस आज दिसलाही नसता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९८६ साली आणखी एक पाऊल टाकले गेले. ७० टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था काढली, तर मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन मोडकळीस आलेली इमारत संपादन करून त्यांना देता येईल, अशी तरतूद झाली. मालकांची संघटना न्यायालयात गेली. त्या खटल्यातील एक मोठा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे आला : संविधानाच्या ३९ (ख) कलमात समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हितासाठी व्हावे असे म्हटले आहे, त्यात खाजगी माणसाची प्रत्येक मालमत्ता येते काय? ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने उत्तर आले की, प्रत्येक खाजगी मालमत्ता येत नाही. काही येऊ शकते, आणि ते तिचे स्वरूप, तिची टंचाई, समाजावर होणारा परिणाम पाहून ठरवावे लागेल. मुंबईच्या गळक्या चाळीतून निघालेला वाद बाबासाहेबांच्या संविधानातील मार्गदर्शक तत्त्वांपर्यंत कसा पोहोचला, हे आपल्या अभ्यासमंडळांनी समजून घ्यावयास हवे.

मधल्या काळात १९४७ चा कायदा जाऊन महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने मालकाला दरसाल ४ टक्के भाडेवाढ दिली. भाडेकरूच्या बाजूने त्यात चार गोष्टी आहेत. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. पाणी, वीज, जिना अशी आवश्यक सोय मालकाला तोडता येत नाही. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाला भाडेहक्क मिळतो. कित्येक विधवा भगिनींची घरे ह्या एका तरतुदीने वाचली आहेत. आणि करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने तो नोंदविला नाही तर वादात भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. मुंबईत असे वाद लघुवाद न्यायालयात चालतात. मात्र अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणाऱ्याला हे सगळे कवच नाही. मुदत संपली की त्याने उठायचे. आज आपली बहुतेक तरुण जोडपी अशाच करारावर आहेत. म्हणून करार नोंदविलेला आहे की नाही आणि अनामत रक्कम त्यात लिहिली आहे की नाही, एवढे तरी पाहूनच सही करावी.

दुपार कलली तेव्हा आम्ही वरळी नाक्यावरून जांबोरी मैदानात आलो. वरळीच्या चाळी म्हणजे आपल्या चळवळीचे एक पान. ५ जानेवारी १९७४ रोजी येथे दलित पँथरची सभा झाली, दगडफेक झाली, पोलिसांचा लाठीमार झाला आणि चाळींतून दंगल पेटली. १० जानेवारीला परळच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. ह्याच चाळींत पोलिसांच्याही खोल्या होत्या. लाठी खाणारा आणि मारणारा एकाच आवारात नळावर रांग लावीत.

त्या चाळींच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत. पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ साली झाले. काम म्हाडाकडे. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर, तेही मोफत आणि मालकी हक्काचे. खर्च भरून निघावा म्हणून उरलेल्या जागेत खुल्या बाजारात विकण्याची घरे. सुरुवातीला रहिवाशांचा विश्वास बसला नाही. आधी करार हातात द्या, मग खोली सोडतो, असे ते अडून बसले. योग्यच केले. गिरणीच्या जमिनींचे काय झाले ते डिलाईल रोडच्या खिडकीतून त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पोलीस कुटुंबांना मात्र घर मोफत नव्हते. २०२२ साली त्यांच्यासाठी आधी ५० लाख, मग २५ लाख आणि शेवटी १५ लाख रुपये किंमत ठरली. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. वरळीच्या साडेनऊ हजारांवर खोल्यांच्या मानाने हा आकडा लहान आहे, पण शंभर वर्षांत प्रथमच इतक्या कुटुंबांना स्वतःचा संडास आणि स्वतःचे न्हाणीघर मिळाले.

अशाच एका घरी आम्हाला बोलावणे होते. सत्तरी ओलांडलेल्या आजी, सून शाळेत शिक्षिका, नातू कॉलेजात. दारावर पंचशील ध्वजाचे स्टिकर, आत भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा. वाऱ्याने पडदे उडत होते. “बसा बाबांनो, खुर्च्या आहेत आता. तिकडं पाहुणा आला की पोरांना बोळात काढावं लागायचं,” आजी म्हणाल्या. सूनबाईंनी चहा ठेवला. आजींनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात सासऱ्यांच्या वेळेपासूनच्या भाडेपावत्या, सुतळीने बांधलेल्या. आधी सासऱ्यांचे नाव, मग यजमानांचे, मग त्यांचे स्वतःचे. पात्रतेच्या वेळी ह्याच कागदांनी त्यांना हात दिला. शेजारच्या एका कुटुंबाच्या पावत्या एका पावसाळ्यात भिजून लगदा झाल्या होत्या, त्यांना महिनोन्‌महिने खेटे घालावे लागले. पूर्वी दरमहा भाडे किती होते असे विचारले तर आजी हसल्या. “चहापावाचं. ते पण थकायचं.”

आजींच्या आनंदात आम्हीही सामील झालो. परंतु सूनबाईंनी जो हिशेब मांडला तो येथे सांगितलाच पाहिजे. नव्या इमारतींच्या देखभालीची बारा वर्षे सोय केलेली आहे. तेराव्या वर्षी काय? उद्वाहने, पाण्याचे पंप, आगीची यंत्रणा, चाळीस मजल्यांचे सगळे रहिवाशांच्या सोसायटीच्या गळ्यात येईल. चहापावाचे भाडे थकविणाऱ्या घराला दरमहा काही हजार रुपये भरावे लागले, तर घर विकून बदलापूर-विरार गाठण्याचा मोह कोणाला होणार नाही? त्या म्हणाल्या, “दादा, माझा पगार आहे म्हणून मी बोलतेय. समोरच्या घरी फक्त ताईंची घरकामाची कमाई आहे.” काही रहिवाशांनी आतापासून दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकण्याची भिशी सुरू केली आहे, असे त्यांनी सांगितले. ही भिशी आम्हाला फार मोलाची वाटली.

दुसरी गोष्ट आमच्याच मनात घोळत होती. सरकार येथे घरमालक होते; सार्वजनिक बांधकाम खाते भाडे गोळा करीत असे. ते घरमालकपण सरकारने आता सोडले. जे आत होते त्यांचे कल्याण झाले, त्याबद्दल दुमत नाही. परंतु वरळी, नायगाव आणि डिलाईल रोडच्या १९५ चाळी जाऊन जी घरे येत आहेत त्यांत कमी भाड्याची म्हणून एकही खोली राहणार नाही. उद्या परभणीहून, वाशीमहून येणाऱ्या पोराने कोठे उतरायचे? झोपडपट्टीत. तेथे त्याला पावती नाही, करार नाही. आणि पुनर्वसन योजना आली की पात्रता बहुधा झोपडीच्या मालकाची, भाड्याने राहणारा हिशेबातच नाही. २००८ साली एम.एम.आर.डी.ए.ने भाड्याच्या घरांची योजना काढली होती. बिल्डरला वाढीव चटईक्षेत्र द्यायचे आणि त्याबदल्यात त्याने छोटी घरे बांधून द्यायची, ती अल्प भाड्याने गरिबांना द्यायची. घराचे क्षेत्रफळ किती ठेवले होते? १६० चौरस फूट! लॉईडसाहेबांची खोलीच जणू नव्वद वर्षांनी परत आली. फरक इतकाच की लॉईडसाहेबांच्या खोल्यांत निदान भाडेकरू राहिले. ह्या योजनेतील घरे पुढे गिरणी कामगार, प्रकल्पबाधित अशा इतर कारणांसाठी वळविली गेली आणि भाड्याची योजना बाजूला पडली.

निघताना जिन्याऐवजी उद्वाहनाने खाली आलो. आवारात डिलाईल रोडहून आलेले एक गृहस्थ भेटले. त्यांच्या गावच्या मंडळाची खोली पात्र ठरली आहे. पावती मंडळाच्या एका जुन्या कार्यकर्त्याच्या नावावर, ते वारले. वारस आणि मंडळ ह्यांच्यात बोलणी चालू आहेत. खोलीत सध्या अकरा जण राहतात, त्यांतले दोघे ह्याच वर्षी बारावी करून आलेले. घर मिळाले तर ते विकून गावात समाजमंदिर बांधावे असे काहींचे म्हणणे. बाकीचे म्हणतात, पाचशे फुटांत पंचवीस पोरे झोपतील, खोली खोलीच राहू द्या. रविवारी संध्याकाळी बैठक आहे.